ग्रॅनाईटची माती कशी होते? – चंद्रपूर-गडचिरोलीच्या खडकातून शिकायचा एक धडा



नववीच्या भूगोलात 'विदारण' हा घटक आपण दरवर्षी शिकवतो. कायिक विदारण, रासायनिक विदारण, जैविक विदारण. मुलं तिन्ही नावं पाठ करतात, प्रत्येकाचं एक-एक उदाहरण लिहितात आणि गुण मिळवतात. पण पेपर झाल्यावर एखाद्या मुलाला विचारा, "तुझ्या शेतातली माती कुठून आली रे?" तर तो म्हणेल, "सर, ती पहिल्यापासूनच आहे!"

आपल्या झाडीपट्टीत या प्रश्नाचं उत्तर शोधायला प्रयोगशाळेची गरज नाही. रस्त्यासाठी कापलेली टेकडी, विहिरीचा खड्डा, तलावाची पाळ आणि धानाची बांधी एवढं पुरतं. कठीण दगडापासून बोटाला चिकटणाऱ्या मातीपर्यंतचा सगळा प्रवास इथे एकाच शिवारात दिसतो. आणि हा विषय नुसता परीक्षेचा नाही. गावच्या तलावात पाणी टिकतं की नाही आणि वर्गातल्या मुलांच्या दातांवर डाग का येतात, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर याच धड्यात आहे.

आपल्या पायाखालचा खडक कोणता?

महाराष्ट्र म्हटलं की सगळ्यांना आठवतो तो काळा बसाल्ट, म्हणजे लाव्हारसाचा दगड. सह्याद्री, मराठवाडा, पश्चिम विदर्भ, सगळीकडे तोच. पण पूर्वेकडे येताना वरोरा-राजुरा भागात बसाल्ट संपत जातो. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस या पट्ट्यात कोळसा असलेले वालुकाश्म लागतात. आणखी पूर्वेला, नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, कुरखेडा, धानोरा, गडचिरोली या बाजूला गेलं की जमिनीखाली ग्रॅनाईट आणि त्याचाच भाऊबंद असलेला नाईस हा पट्टेदार खडक येतो.

नाईस म्हणजे काय? ग्रॅनाईटसारखाच खडक जमिनीच्या पोटात प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत पुन्हा भाजला, दाबला गेला की त्यातली खनिजं ओळीने लागतात आणि काळे-पांढरे पट्टे तयार होतात. दोघांची खनिजं जवळजवळ तीच, म्हणून त्यांची माती होण्याची रीतही तीच. आपल्याकडचे हे खडक अडीचशे कोटी वर्षांपेक्षाही जुने आहेत. बसाल्टचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. म्हणजे बसाल्ट हा नातू आणि ग्रॅनाईट हा खापरपणजोबा, असं मुलांना सांगायला हरकत नाही!

ग्रॅनाईटमध्ये तीन सोबती

ग्रॅनाईटचा ताजा फुटलेला तुकडा उन्हात धरा आणि साध्या भिंगातून पाहा. त्यात मुख्य तीन खनिजं दिसतील.

१) क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. काचेसारखी, किंचित धुरकट. साधारण पाव ते एक तृतीयांश भाग.

२) फेल्डस्पार. गुलाबी किंवा पांढरे, सपाट चमकणारे दाणे. खडकाचा अर्ध्याहून जास्त भाग याचाच.

३) अभ्रक. काळे किंवा चंदेरी पापुद्रे, नखाने सुटतात.

हे तिघे सोबती एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. जमिनीखाली काही किलोमीटर खोल, हळूहळू थंड होताना ते एकत्र वाढलेले असतात. म्हणून ग्रॅनाईट इतका कणखर. पण तिघांचे स्वभाव वेगळे आहेत. गारगोटी पाण्याला दाद देत नाही. फेल्डस्पार पाण्यापुढे हळूहळू नमतो. काळा अभ्रक सगळ्यात आधी खचतो. अमेरिकी भूवैज्ञानिक सॅम्युअल गोल्डिच यांनी १९३८ मध्ये कोणतं खनिज आधी कुजतं आणि कोणतं शेवटी, याचा क्रम मांडला. त्या क्रमात काळा अभ्रक आधी, फेल्डस्पार मधे आणि गारगोटी सगळ्यात शेवटी येते. ग्रॅनाईटची माती कशी होते याचं निम्मं उत्तर या एका क्रमात आहे.

नुसत्या उन्हाने दगड फुटतो का?

आता पुस्तकातल्या एका वाक्याकडे वळू. आपण शिकवतो की वाळवंटात दिवसा दगड तापून प्रसरण पावतो, रात्री थंड होऊन आकुंचन पावतो आणि असं वारंवार झाल्याने तो फुटतो. ऐकायला सरळ वाटतं. चंद्रपूरच्या मुलांना तर लगेच पटतं, कारण मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या घरात गेलेला त्यांनी अनुभवलेला असतो.

पण हे तपासून पाहणारे लोकही होऊन गेले. १९१६ मध्ये डोनाल्ड बार्टन यांनी इजिप्तमधल्या ग्रॅनाईटच्या प्राचीन वास्तूंचं निरीक्षण मांडलं. नुसत्या उन्हाने दगड फुटत असता तर सगळ्यात जास्त ऊन खाणारी बाजू सगळ्यात जास्त झिजायला हवी होती. त्यांना उलटं दिसलं. सावलीतले, ओल धरणारे भाग जास्त खराब झाले होते.

पुढे १९३६ मध्ये डेव्हिड ग्रिग्ज यांनी प्रयोग केला. ग्रॅनाईटचा गुळगुळीत केलेला तुकडा घेऊन त्यांनी तो कोरड्या हवेत तापवला आणि थंड केला, एकदा-दोनदा नाही, तब्बल ८९,४०० वेळा. रोज एक दिवस-रात्र धरली तर हे सुमारे २४४ वर्षांचं काम झालं. मुलांना हा भागाकार करायला लावा, ८९,४०० भागिले ३६५. एवढं होऊनही दगडावर नजरेत भरेल असा बदल झाला नाही. मग त्यांनी थंड करताना पाण्याचा फवारा वापरला. तेव्हा मात्र थोड्याच फेऱ्यांत दगडाची चकाकी गेली आणि बारीक तडे दिसू लागले.

म्हणजे उन्हाचा काहीच हात नाही का? तसंही नाही. ग्रिग्ज यांचा तुकडा लहान होता, तो सगळ्या बाजूंनी मोकळेपणाने फुगू शकत होता. डोंगरातला दगड मात्र शेजारच्या दगडात जखडलेला असतो. त्याचा पृष्ठभाग तापतो आणि आतला भाग थंडच राहतो, त्यामुळे ताण पडतो आणि केसासारखे तडे हळूहळू वाढतात. ऊन दगडाला तडा देतं, पण त्या तड्यात शिरून दगड खिळखिळा करायचं काम पाणी करतं. वाळवंटातसुद्धा! तिथे पाऊस नसला तरी पहाटेचं दव असतं, जमिनीतून वर येणारी थोडी ओल असते, आणि त्या ओलीतले क्षार वाळताना तड्यात स्फटिक होऊन पाचरीसारखे फुगतात.

म्हणून वर्गात हे वाक्य असं सांगावं: "ऊन आणि पाणी दोघं मिळून दगड फोडतात. एकट्या उन्हाला फार वेळ लागतो."

माती व्हायची सुरुवात

ग्रॅनाईट खोल दाबाखाली तयार झालेला असतो. वरचे थर झिजून गेले की त्याच्यावरचा भार उतरतो आणि तो किंचित फुगतो. त्यामुळे त्यात आडव्या-उभ्या भेगा पडतात. पावसाचं पाणी या भेगांतून खाली उतरतं.

पावसाचं पाणी शुद्ध नसतं. हवेतला कार्बन डायऑक्साईड त्यात विरघळतो आणि सौम्य कार्बोनिक आम्ल बनतं. जंगलातल्या जमिनीतून जाताना ते आणखी तीव्र होतं, कारण मुळं आणि जिवाणू श्वास घेतात आणि मातीतल्या हवेत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साईड असतो. म्हणजे सागाची आणि मोहाची मुळं दोन कामं करतात. फटीत घुसून दगड दुभंगवतात, आणि पाण्याला आम्लही पुरवतात. म्हणूनच जैविक आणि रासायनिक विदारण वेगळ्या रकान्यात लिहिलं, तरी जंगलात ते एकत्रच चालतं.

आता क्रम पाहा.

आधी काळा अभ्रक. त्यातलं लोह पाण्यातल्या ऑक्सिजनशी जुळतं, म्हणजे गंजतं, आणि पापुद्रे फुगतात. आजूबाजूचे दाणे ढिले होतात. या टप्प्यावर दगड दगडासारखा दिसतो, पट्टेही जागेवर असतात, पण पहारीचा घाव घातला की भुसभुशीत होऊन सांडतो. हाच आपला मुरूम. रस्त्यावर टाकतात तो. मुलांना वाटतं मुरूम म्हणजे वेगळाच दगड. नाही, तो अर्ध्या वाटेवरचा ग्रॅनाईट आहे.

मग फेल्डस्पार. आम्लयुक्त पाणी त्यातलं पोटॅशियम, सोडियम आणि कॅल्शियम बाहेर ओढतं. थोडी सिलिकाही विरघळून जाते. उरलेलं ॲल्युमिनियम आणि सिलिका नव्याने जुळतात, आणि त्यात पाणी बांधलं जातं. तयार होते चिकणमाती. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत एका ओळीत लिहायचं तर असं:

फेल्डस्पार + पाणी + कार्बोनिक आम्ल → चिकणमाती + विरघळलेली सिलिका + पोटॅशियम + बायकार्बोनेट

लक्षात घ्या, चिकणमाती म्हणजे दगडाचा बारीक चुरा नव्हे. ग्रॅनाईट कितीही कुटला तरी त्याची चिकणमाती होणार नाही, दगडाची पूड होईल. चिकणमाती हे नवं खनिज आहे. दुधाचं दही झालं की ते परत दूध होत नाही, तसंच हे. कायिक आणि रासायनिक विदारणातला फरक सांगायला याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही. दूध भांड्यात वाटलं तरी दूधच राहतं; विरजण लागलं की दही होतं.

शेवटी गारगोटी. ती काही कुजत नाही. नुसती सुटी होते आणि रेती बनते.

म्हणजे ग्रॅनाईटच्या एका दगडातून तीन वाटा फुटतात. गारगोटीची रेती, फेल्डस्पारची चिकणमाती आणि पाण्यात विरघळून गेलेले क्षार. बसाल्टमध्ये गारगोटी जवळजवळ नसतेच. म्हणून तो पूर्ण कुजला की बहुतेक काळी चिकणमाती होते, गारगोटीची रेती मागे राहत नाही. इकडे मात्र शेतात मातीबरोबर रेतीचे चमकणारे कण असतात. वैनगंगेच्या पात्रातली रेती हातात घेऊन भिंगातून पाहा, त्यात कोणाकोणाचे दाणे ओळखू येतात ते.

गारगोटीपेक्षाही चिवट खनिजं असतात. आरमोरी तालुक्यातलं वैरागड हिऱ्यांसाठी प्रसिद्ध होतं, अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त त्याचा उल्लेख आहे. खडक झिजून गेला तरी हिरा झिजत नाही, तो गोट्यांच्या थरात राहतो.

कोरड्या प्रदेशात काय वेगळं होतं?

आपले दोन्ही जिल्हे वाळवंट नाहीत. इथे वर्षाला साधारण १२०० ते १५०० मिलीमीटर पाऊस पडतो. वाळवंटाची ढोबळ मर्यादा २५० मिलीमीटर. पण आपला पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने जमीन सुकत राहते. म्हणून ओल्या आणि कोरड्या, दोन्ही प्रदेशांच्या खुणा आपल्याकडे शेजारी-शेजारी सापडतात.

कोरड्या प्रदेशात मुख्य चार गोष्टी बदलतात.

पहिली, फेल्डस्पार पुरता कुजत नाही. पाणी कमी, त्यामुळे रासायनिक काम मंद. दाणे सुटे होतात पण त्यांची चिकणमाती होण्याआधीच वाहून जातात. अशा गाळात गारगोटीच्या जोडीला ताजा, चमकणारा फेल्डस्पार सापडतो.

दुसरी, गाळ दूर जात नाही. वर्षातून एखादी जोराची सर येते, ओढा दगड-गोटे घेऊन उतरतो आणि डोंगराच्या पायथ्याशी टाकून देतो. बारीक चिकणमाती तेवढी पुढच्या खोलगटापर्यंत पोहोचते, तिथे पाणी आटतं आणि जमीन भेगाळते.

तिसरी, क्षार धुऊन निघत नाहीत. पाऊस भरपूर असला तर कॅल्शियम, मॅग्नेशियम नदीने समुद्रात जातं आणि मागे केओलिन नावाची पांढरी, न फुगणारी चिकणमाती राहते. पाऊस कमी असला तर क्षार मातीतच राहतात आणि फुगणारी, वाळल्यावर भेगा पडणारी चिकणमाती बनते. म्हणजे एकाच ग्रॅनाईटपासून दोन वेगळ्या माती! ठरवतं ते पाणी.

चौथी, जास्तीचं कॅल्शियम मातीत चुन्याच्या गाठी करून बसतं. त्यांना आपण कंकर म्हणतो. त्यावर लिंबू पिळलं की बुडबुडे येतात.

महाराष्ट्रात दुसरीकडे ग्रॅनाईट पाहायचा तर नांदेड जिल्ह्यातला देगलूर-बिलोली भाग आहे. तिथून तेलंगणात गेलं की हैदराबादपर्यंत मोठमोठ्या गोल शिळा एकावर एक रचल्यासारख्या दिसतात. त्या कोणी रचलेल्या नाहीत. जमिनीखाली भेगांच्या बाजूने दगड कुजला, कोपरे आधी गेले, मधला गाभा गोल राहिला, आणि नंतर भोवतीचा मुरूम वाहून गेला. मुलं सहलीला गेली तर त्यांना हे जरूर दाखवा.

चढावर लाल, खोलगटात काळी

आता आपल्या शिवारात या. टेकडीच्या उतारावर बरडी, म्हणजे खडेमिश्रित, लालसर, उथळ जमीन. थोडं खाली खरडी. त्याखाली मोरांड. आणि अगदी खोलगटात कन्हार, काळी, जड, पाणी धरून ठेवणारी. आपल्या आजोबांनी ही नावं ठेवली ती पिकाच्या अनुभवावरून. पण विदारणाचा धडा त्यांत जसाच्या तसा आहे.

चढावरून पाणी निघून जातं, त्याबरोबर क्षार आणि बारीक कण जातात. मागे राहते रेती आणि गंजलेलं लोह, म्हणून रंग लाल. वाहून आलेले क्षार आणि चिकण कण खोलगटात साठतात, तिथे पाणी मुरायला वेळ घेतं, म्हणून फुगणारी, गडद माती बनते. चढावर ओल्या प्रदेशासारखी धुतलेली माती आणि खाली कोरड्या प्रदेशासारखी क्षार राखणारी माती, अशा दोन्ही एका शिवारात. धानाची रोवणी कुठे करायची हे शेतकऱ्याने याच क्रमावरून ठरवलं आहे. चिखलणी केली की चिकण कण खाली बसतात आणि बांधीत पाणी उभं राहतं. बरडीवर कितीही चिखल केला तरी पाणी टिकत नाही.

तीस कोटी वर्षांची वही

फेल्डस्पार कुजला की नाही, यावरून त्या काळचं हवामान कळतं. आणि याची लेखी नोंद आपल्या जिल्ह्यात दगडात आहे.

सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हा सगळा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता आणि इथे हिमनद्या होत्या. हो, चंद्रपुरात बर्फ! चंद्रपूरजवळच्या ईरई गावापाशी चुनखडीवर हिमनदीने ओढलेले ओरखडे आहेत. १८७० च्या दशकात भूवैज्ञानिक फ्रान्सिस फेडन यांनी ते नोंदवले. त्या काळात साठलेल्या थरांना तालचेर थर म्हणतात. त्यांतला फेल्डस्पार बराचसा न कुजलेला आहे. थंडीत रासायनिक विदारण चालत नाही, म्हणून तो तसाच राहिला.

त्यावर बराकर थर येतात. यांतच आपला दगडी कोळसा आहे. हवामान उबदार-दमट झालं होतं, दाट वनस्पती होत्या. या वालुकाश्मात फेल्डस्पारची पांढरी माती झालेली दिसते. त्याच्याही वर कामठीचे लालसर थर येतात. लोह गंजलं, कारण जमीन अधूनमधून सुकत होती.

म्हणजे ग्रॅनाईट झिजला, त्याची रेती-माती वाहिली, खोलगटात साठली, दाबून पुन्हा दगड झाली, आणि तो दगड आज पुन्हा झिजतो आहे. 'खडकांचं चक्र' फळ्यावर बाणांनी काढतो, ते हेच. भद्रावतीला मातीकामाची परंपरा आहे, १९५० च्या दशकात ग्रामोदय संघाने तिथे हे काम नव्याने उभं केलं. तिथला कुंभार चाकावर जी माती घेतो, ती कधीतरी फेल्डस्पार होती, एवढं मुलांना कळलं तरी धडा पोहोचला.

तलावाचा तळ फोडू नका

पूर्व विदर्भात मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळापासून गावोगावी तलाव आणि बोड्या बांधल्या गेल्या, कोहळी समाजाचं त्यातलं कसब प्रसिद्ध आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. नावात 'माजी' आलं ते तेव्हा.

हे तलाव या खडकावर का टिकले? खाली ग्रॅनाईट-नाईस, त्यावर मुरूम. मुरूम तर पाणी पितो. पण पाण्याबरोबर आलेले चिकण कण वर्षानुवर्षं तळाशी बसले आणि त्यांनी मुरमाची तोंडं बंद केली. तलावाला आतून सारवण झालं म्हणा ना! शेणाने अंगण सारवतो तसं.

आता गाळ काढायची कामं होतात. २०१७ पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. गाळ काढलाच पाहिजे, आणि तो बरडी-खरडीवर टाकला तर फायदाच होतो. चढावरून गेलेली चिकणमाती आपण चढावर परत नेतो. पण यंत्राने खोल खणताना चिकण थर पार करून मुरूम उघडा पडला, तर पुढच्या वर्षी तलाव गळतो. म्हणून एक साधी खूण गावाला सांगून ठेवा: बकेटमध्ये चिकट माती येते तोवर गाळ आहे. रवाळ, पिवळसर, चमकणारे दाणे येऊ लागले की थांबा. ही खूण आठवीतलं पोरही ओळखू शकतं, फक्त आपण शिकवायला हवं.

आणि कॅचमेंटमधलं जंगल. झाडं असली की माती जागेवर कुजते, सावकाश येते. उघड्या उतारावरून चिकण मातीबरोबर रेतीही धो-धो येते आणि तलाव लवकर उथळ होतो.

दातांवरचे डाग आणि ग्रॅनाईट

हा भाग पालकांनी जरूर वाचावा. ग्रॅनाईटमधल्या काळ्या अभ्रकात, अपेटाईट आणि फ्लोराईट या खनिजांत फ्लोराईड असतं. खडक कुजताना ते पाण्यात उतरतं. पाणी खोल भेगांत जास्त काळ राहिलं तर जास्त उतरतं.

वर कंकर पाहिला. कोरड्या जागी कॅल्शियम चुना होऊन पाण्यातून बाहेर पडतं. पाण्यात कॅल्शियम असताना ते फ्लोराईडला बांधून ठेवतं. कॅल्शियम गेलं की फ्लोराईड वाढायला मोकळं. म्हणून ग्रॅनाईट आणि कोरडेपणा एकत्र आले की हा त्रास वाढतो. तेलंगणातला नालगोंडा हा याचा प्रसिद्ध दाखला. आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्याही काही गावांच्या भूजलात मर्यादेपेक्षा जास्त फ्लोराईड आढळलेलं आहे.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालतं. दुसरा पर्याय नसेल तर १.५ ही कमाल मर्यादा. त्याहून जास्त पाणी लहानपणी सतत पोटात गेलं तर पक्क्या दातांवर पांढरे, मग पिवळे-तपकिरी डाग किंवा पट्टे येतात. हे दात हिरडीच्या आत तयार होत असतात ते साधारण आठ वर्षांपर्यंत. त्यानंतर डाग घासून जात नाहीत. प्रमाण खूप जास्त असेल तर पुढे हाडं आणि सांधेही आखडतात.

शिक्षकाला हे सगळ्यात आधी दिसू शकतं. एकाच वस्तीतल्या चार-पाच मुलांच्या दातांवर सारखे डाग दिसले, तर "ब्रश करत जा" म्हणून रागवू नका. ते कोणत्या बोरिंगचं पाणी पितात ते विचारा आणि पाणी तपासायला द्या. ग्रामपंचायतीमार्फत किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणी होते.

तीन गोष्टी घरी सांगा. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट वाफ गेल्यावर प्रमाण वाढतं. पाणी स्वच्छ आणि गोड लागलं तरी फ्लोराईड असू शकतं. आणि बरेचदा उथळ विहिरीच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात ते कमी असतं, पण त्या पाण्याचं निर्जंतुकीकरण करायला लागतं. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराईड काढायची 'नालगोंडा पद्धत' आपल्या नागपूरच्याच नीरी संस्थेने विकसित केलेली आहे.

वर्गात करून पाहू

१) *बाटलीचा प्रयोग.* पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ नको. जोरात हलवून ठेवून द्या. रेती मिनिटभरात बसते. पोयट्याला काही तास. चिकण कण ०.००२ मिलीमीटरहूनही बारीक असतात, त्यांतल्या मोठ्यांनाही दहा सेंटीमीटर उतरायला सात-आठ तास लागतात. बरडी आणि कन्हार शेजारी ठेवून थर मोजा.

२) *गणित जोडा.* एक सेंटीमीटरच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर. त्याचे एक मिलीमीटरचे घन केले तर १००० घन आणि एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटीमीटर. दगड फुटला की पाण्याला कुरतडायला दहापट जागा. कायिक विदारण रासायनिक विदारणाला मदत कशी करतं, ते आकड्यात दिसतं.

३) *वळी करा.* ओल्या मातीची बोटाएवढी वळी होते का, तुटते का? वळी झाली तर चिकण जास्त.

४) *लिंबू.* शेतातल्या पांढऱ्या गाठीवर आणि गारगोटीवर लिंबू पिळा. बुडबुडे कुठे येतात?

५) *रांग लावा.* ताजा दगड, ढिला दगड, मुरूम, रेती, माती असे पाच नमुने मुलांनी आणून क्रमाने मांडायचे आणि प्रत्येकात तिघांपैकी कोणता सोबती शिल्लक आहे ते लिहायचं.

दगड विस्तवात तापवून पाण्यात टाकायचा प्रयोग मात्र कोणीही करू नये. आतली ओल वाफ होऊन दगड उडतो, डोळ्याला इजा होते.

मुलांना विचारायचे प्रश्न

मुरूम हा दगड की माती? तुमचं उत्तर कशावरून?

ग्रॅनाईट मिक्सरमध्ये दळला तर चिकणमाती मिळेल का?

नदीच्या रेतीत गारगोटीच जास्त का उरते?

एखाद्या जुन्या वालुकाश्मात ताजा फेल्डस्पार दिसला, तर त्या काळच्या हवामानाबद्दल काय म्हणता येईल?

आपल्या तलावाचा तळ कोणत्या मातीचा आहे? तुमच्या घरच्या पिण्याच्या पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली?

शेवटचा प्रश्न मुलांच्या वहीत लिहून द्या आणि उत्तर घरून आणायला सांगा.